आबल्याची खोली आणि सत्तावीस कोंबडे

आमच्या घरात रस्त्याच्या बाजूला एक खोली आहे आणि त्या खोलीत एक मेलेला माणूस राहत होता. बाकी घर चांगले आहे.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला घर दाखवले. हे माजघर, ही न्हाणी, हा गोठा. रस्त्याकडच्या खोलीला कुलूप होते. मी विचारले नाही, कारण मी कधीच काही विचारत नाही. (चौथीच्या प्रगतिपुस्तकात गुरुजींनी माझ्याबद्दल 'मुलगी वर्गात होती असे दिसते' एवढाच शेरा लिहिला होता. पुढे शाळाच सुटली.)

सासूबाई आपणहून म्हणाल्या, "थय आबलो आसा."

"जेवूक येतले मा ते?" पाहुणा उपाशी राहू नये एवढेच माझ्या मनात.

"वर्साक एकदा," सासूबाई म्हणाल्या.

आबलो म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पणजोबांचा धाकटा भाऊ. तो खुळा झाला, म्हणून त्याला त्या खोलीत कोंडला आणि तिथेच तो मेला. एवढेच सगळ्यांना ठाऊक. पण त्याचा कोप आमच्या घरावर आहे हे मात्र गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक! म्हणून दर वर्षी देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्याला ताट ठेवायचे. कोंबड्याचे सुके, वडे, तळलेला बांगडा, एक बाटली, दोन विड्या. रांधायचे मी. ताट कुलपापुढे ठेवायचे, सगळ्यांनी हात जोडायचे, आणि जरा वेळाने माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे भावोजींनी, ते उचलून प्रसाद म्हणून खायचे. बाटलीसुद्धा प्रसादच.

एवढे करून आबला शांत होईल तर शपथ! पंप जळला, आबला. गाय आटली, आबला. माझा नवरा चालत्या स्कूटरवरून गटारात गेला, तरी आबलाच. (त्या दिवशी प्रसाद दोघा भावांनी वाटून घेतला होता, हे कोणी बोलत नाही.) आणि प्रत्येक वेळी सासूबाई माझ्याकडे बघून म्हणणार, "हिच्या हातचा तेका पावणा नाय."

सव्वीस वर्षे मी हे ऐकून घेतले. सत्ताविसाव्या वर्षी मला ती खोली हवी झाली.

आता आमच्या दारावरूनच पर्यटक समुद्रावर जातात. ज्याच्या घराला चार खुर्च्या आहेत त्याने खानावळ काढली आहे. मला जगात एकच गोष्ट तोंड न उघडता करता येते, ती म्हणजे स्वयंपाक. ती खोली, तिची रस्त्याकडची खिडकी, चार टेबले आणि सुरमईचे ताट. रोज भांडी घासताना मी मनातल्या मनात हीच खानावळ चालवत असे. शेवटी एकदा धीर करून नवऱ्याला सांगितले.

"आबल्याक विचारूक व्हया," नवरा म्हणाला. (माझे काही मागणे आले की या घरात मेलेल्यांचेसुद्धा मत घेतात.)

देवळात कौल लावला. गुरवाने देवाला तांदूळ लावले आणि डाव्या बाजूचे पडले. म्हणजे नाही! गुरव म्हणाला, "आधी त्या पूर्वजाक नावानिशी सांगणा करूक व्हया. पुरा नाव, बापाशीचा नाव, मरणाची तिथ. माहीत आसा?"

कोणालाच माहीत नव्हते. सासूबाई तर चिडल्याच. "आबलो म्हणजे आबलो! खुळ्याक कोण पुऱ्या नावान हाक मारता?"

मला तेव्हाच पहिल्यांदा राग आला. माणसाला मरेपर्यंत कोंडला, मेल्यावर शंभर वर्षे घाबरलात, आणि नाव नाही लक्षात ठेवलेत?

नवरा ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, कागद शोधायला गेला. माझा नवरा घरात सिंह, पण कचेरीच्या पायरीवर त्याचा आवाज बदलतो आणि भाषा पुस्तकातली होते. टेबलावरच्या बाईंना म्हणाला, "मॅडम, आम्ही एका मयत इसमाच्या शोधात आहोत."

"कधीपासून बेपत्ता आहेत?"

"बेपत्ता नाहीत. घरीच आहेत."

हे त्याने स्वतः येऊन सांगितले, तेही कौतुकाने! तरी त्या बाईंनी बिचाऱ्यांनी आमच्या गावाची जुनी मृत्यूनोंद काढून दिली. नवऱ्याने त्यात 'आत्माराम ऊर्फ आबा' असे नाव वाचले, तिथी उतरवून घेतली आणि दोनच्या एसटीने परत. बापाचे नाव? "तुमी बघलात?" मी विचारले. "बघलंय गो! धोंडू. आमच्यात आसतलोच कोणतरी धोंडू!"

देवदिवाळीचा दुसरा दिवस आला. गुरव आला, भावकी जमली, मी ताट मांडले. गुरवाने खणखणीत आवाजात सांगणे सुरू केले, "बा देवा म्हाराजा, आत्माराम धोंडू, तुका आज ह्या ताट..."

तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून शेजारची सुमतीकाकी ओरडली, "अरे मेल्यांनो! तो आमचो आजो!"

काकी गडगा ओलांडून आली. तिच्या सासऱ्याचे आजोबा आत्माराम धोंडू, तिथी तीच, सगळे तेच. भावोजी गडबडीने म्हणाले, "चुकान झाला गो काकी. आमी आता ताट उचलतंव."

"हात लावूक नको! आमच्या आज्याच्या नावान दाखवलात मा? मगे ताट आमचा!"

आणि नेले! कोंबडा, वडे, बांगडा, विड्या, सगळे नेले. बाटली नेताना भावोजींच्या डोळ्यांत पाणी आले. सगळ्यात धाकटा सख्खा भाऊ मुंबईला गेला तेव्हा नव्हते आले. त्या साली काकीच्या काजूला असा मोहर आला की पाने दिसेनात, आणि सासूबाई सहा महिने मला ऐकवत होत्या, "दुसऱ्याच्या पूर्वजाक बरा पावता हिच्या हातचा!"

नवरा म्हणाला, "माका आता थय तोंड दाखवूचा नाय." भावोजींना गुडघे होते. मग एके दिवशी मीच एसटीत बसले. एकटी, जन्मात पहिल्यांदा.

कचेरीत गेले आणि दाराशी उभी राहिले. बोलायचे काय ते एसटीत शंभरदा घोकले होते, पण तिथे एक शब्द फुटेना. अर्ध्या तासाने त्या बाईंनी मान वर केली. "तुम्ही नवीन का? बरं झालं आलात. झाडू त्या कोपऱ्यात आहे."

आता कोणीही सांगितले असते की मी झाडायला आलेले नाही. मी झाडू घेतला. पुढची खोली झाडली, मागची झाडली, कपाटाखालची कोळिष्टके काढली. (कोणत्या कचेरीत ते मी लिहीत नाही. पुन्हा बोलावतील.) झाडताना राग असा चढत गेला की शेवटच्या कपाटाशी मी झाडू आपटला आणि ओरडले, "माका आबलो व्हयो!"

बाई उठून उभ्याच राहिल्या. मग सगळे कळल्यावर त्यांना इतके लाजल्यासारखे झाले की त्यांनी मला स्वतःच्या खुर्चीत बसवले, चहा दिला आणि लाल फडक्यात बांधलेली जुन्या कागदांची तीन गाठोडी सोडली. नोंदीत दुसरा आत्माराम निघाला. बाप बाबाजी. सासऱ्यांच्या घराण्यात बाबाजी आहे, हे मलासुद्धा ठाऊक! तिथी होती, मरणाचे कारण ताप. आणि त्याच घराच्या नावाने आणखी दोन कागद होते, मोडीतले. बाईंनी त्यांच्या नकला दिल्या.

आमच्या शेजारच्या गावात एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना मोडी येते. एसटीतून उतरून थेट त्यांच्याकडे गेले. पहिला कागद म्हणजे नवऱ्याच्या पणजोबांचा अर्ज. मास्तर मोठ्याने वाचू लागले.

"माझा धाकटा भाऊ आत्माराम यास वेड लागले आहे. तो मासे खात नाही. घरात कोंबडे कापू देत नाही. कालवणाचे मडके दोनदा अंगणात फेकले. दारूची बाटली फोडली. सबब त्यास वेडा ठरवून त्याच्या वाटणीचे घर माझ्या ताब्यात द्यावे." खाली कोणा अंमलदाराचा शेरा, "इसम समुद्रकाठी राहून मासे खात नाही हे चौकशीत खरे ठरले. वेडा."

मास्तर हसून हसून खोकले. मग त्यांनी दुसरा कागद घेतला आणि हळू वाचू लागले. तो आबल्याचा जबाब होता. "मी वेडा नाही. गळ्यात माळ घातली आहे. मला पेज व मीठ वेगळ्या मडक्यात मिळावे. बाकी तक्रार नाही." पुढे अंगठा.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मी पिशवी उचलली आणि निघाले. वाटेत मोजत होते. सत्तावीस कोंबडे. (सत्ताविसावा शेजारी गेला, पण रांधला मीच.)

घरी तिघेही ओटीवर बसले होते. "गावलो?" नवऱ्याने विचारले.

त्यानंतर मी जे बोलले ते माझ्या लग्नानंतरचे सगळ्यात लांब बोलणे. शेजारी काकीने टीव्ही बंद केला म्हणे.

"गावलो! खुळो नाय होतो तो! मासे खायना म्हणान खुळो ठरवल्यात! घर गिळूक! आनि जो कोंबडो बघून उठान जाय, तेच्या दारात तुमी वर्साक एक कोंबडो ठेवतास! बाटली फोडल्यान तेका बाटली! आनि वर म्हणतास माझ्या हातचा पावणा नाय? कसा पावतला? तेच्या जागेर मी आसतंय तर घरच पाडलंय असता!"

भावोजी विचार करून म्हणाले, "तरीच तो ताटाक तोंड लावी नाय."

"तो कसो लावतलो? तुमी ठेवलात काय कधी?"

सासूबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "तेका काय आवडता म्हणालंस?"

"पेज. मीठ. वेगळ्या मडक्यात."

त्या उठल्या आणि माळ्यावरून एक कोरे मडके काढून त्यांनी स्वतः धुतले. पेजही त्यांनीच केली. गुरवाने यावेळी बाबाजीचा आत्माराम म्हणून सांगणे केले आणि कौल लावला. उजवा! कुलूप तोडले. आत एक कोनाडा होता, बाकी काही नाही. मी तो आधी पुसला, मग जमीन.

चार टेबले आली. पाटीवर लिहायला मी रंग आणला, 'सुरमई ताट मिळेल.' सासूबाई मागे उभ्या.

"थय मासे?" त्या म्हणाल्या. "आबल्याच्या खोलयेत? तूच मा बोंबललंस त्या दिवशी? खुळी काय तू?"

नवरा म्हणाला, आईचे खरे आहे. भावोजी म्हणाले, खरे आहे. आणि वाईट म्हणजे मलासुद्धा ते खरे वाटले!

तेव्हा आमच्या पाटीवर आता लिहिले आहे, 'घरगुती जेवण. मासे मिळणार नाहीत.' गाड्या थांबतात. माणसे पाटी वाचतात, समुद्राकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. त्या अंमलदाराने आबल्याकडे असेच बघितले असणार. मग ती सुमतीकाकीकडे सुरमई खायला जातात. (तिनेही खानावळ काढली. आजोबांची कृपा!) माझ्याकडे येतात ते पथ्यावरचे. गावात मला आता खुळी खानावळवाली म्हणतात.

म्हणून हे लिहून ठेवले. शंभर वर्षांनी या घरात पंप जळला आणि कोणी माझे कागद शोधायला निघाले, तर कचेरी झाडायची गरज नाही. माझे आणि माझ्या वडिलांचे पूर्ण नाव या वहीच्या पहिल्या पानावर आहे. मी मासे खाते. रोज खाते, मागच्या चुलीवर, लपून. माझ्या नावाने कोणी पेज ठेवली, तर मात्र मी खरोखरच कोपेन.