आपत्ती नाही

शालूताई आज सकाळी गेली. फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. "बरं" म्हटलं आणि मीटिंग पूर्ण केली.

अजून रडू आलेलं नाही.

घरी येऊन कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्यावर लक्षात आलं की आत डाळ घातलीच नव्हती.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी: सदर बाजारात साडीच्या दुकानाच्या पायरीशी मशीन मांडून फॉल-पिको करायची, माझ्या साड्यांचंही. वर्ध्याकडची, लग्न होऊन रायपूरला आली, नवरा लवकर गेला. गुढ़ियारीत भाड्याच्या खोलीत राहायची. दर वर्षी नवी खोली, कारण दर वर्षी घरमालक बाहेर काढायचा.

आमच्या कॉलोनीच्या मागे जुने क्वार्टर पाडलेत. त्या रिकाम्या जागेवर कमी कमाईच्या लोकांसाठी छोटे फ्लॅट बांधायचं घाटत होतं. ताईनं ते मनावरच घेतलं. फॉल लावायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची, "घर शहरातच पायजे. तिकडं दूर माळावर चाबी देऊन काय फायदा? मशीन काय डोक्यावर घिऊन येऊ?"

मग त्या घरांबद्दल निगमनं लोकांकडून फॉर्म मागवले. तिनं मला ऑफिसात फोन केला.

"पोट्टे, याच्यात 'आपत्ति' लिवलं हाय. काय लिवू वं?"

"असेल ती लिहा ना ताई."

मी स्क्रीनवरून नजरसुद्धा काढली नाही. मराठीत बोलत होतो, मराठीच ऐकू आलं. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, हे मला चांगलं माहीत आहे. रोज फाइलींवर तोच शब्द वाचते मी.

तिनं लिहिलं. गल्लीतल्या बायकांचेही फॉर्म तिनंच भरले. छत गळतं. मालक नळ बंद करतो. पोरीला बघायला आलेले पाहुणे खोली बघूनच परत गेले. सगळं 'आपत्ति'च्या रकान्यात.

सुनावणीत साहेबांनी वाचून दाखवलं, "गुढ़ियारी की महिलाओं को भी आपत्ति है."

आमच्या कॉलोनीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

ताई उभी राहिली. "साहब, ये हमारी आपत्ति है. मकान की नहीं."

"वही तो लिखा है, अम्मा."

सगळा हॉल हसला. मी पण हसले. खोटं कशाला बोलू.

बाहेर आल्यावर वाटलं, आता माझी खरडपट्टी काढणार. ती म्हणाली, "मी सातवी, तू एमए. दोघी मिळून नापास."

फॉर्म बदलून मिळणार नव्हते. पण साहेबांनी एक वाट ठेवली होती. कॉलोनीतल्या कोणी एकानं जरी 'आपत्ति नाही' असं लिहून दिलं, तर ते फाइलला जोडू म्हणाले.

"एकच ओळ लिवून दे वं मले."

"हव, देते."

दिली नाही.

कॉलोनीच्या ग्रुपवर रोज मेसेज. ये लोग आ गए तो माहौल बिगड़ जाएगा. माझा नवरा म्हणाला, "आपल्याला यांच्यातच राहायचं आहे." मी ग्रुपवर गप्प, ताईसमोर पण गप्प. ती आली की चहा टाकायचे. चहा संपवून ती म्हणायची, "सवडीनं दे."

मागच्या आठवड्यात शेवटची आली. मालकानं पुन्हा खोली सोडायला सांगितली होती.

"काहून भिऊन राहिली वं? एका ओळीनं तुमची कॉलोनी पडत नाही."

आज सकाळी सामान बांधताना तिच्या छातीत दुखलं. शेजारणी येईपर्यंत संपलं होतं.

दुपारी मी गेले. दारात मशीन होतं, दोरीनं घट्ट बांधलेलं. गाठ तिचीच. घरमालक हळूच म्हणाला, "मैडम, सामान कब तक उठेगा?"

"आज ही," म्हटलं.

मशीन आता माझ्या बाल्कनीत आहे. तिथून मागची रिकामी जागा दिसते. फाइल अजून बंद झालेली नाही. उद्या कागदावर सही करून देणार आहे. आज इथे माझ्या वॉलवर लिहिते, कॉलोनीतले सगळे वाचतील असं:

"इस कॉलोनी की निवासी होने के नाते लिखकर देती हूँ, पीछे की ज़मीन पर छोटे मकान बनें, इसमें मुझे कोई आपत्ति नहीं है."

लिहायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही, ताई.

शालूताईला मनापासून अखेरचा नमस्कार.