माझ्या वाट्याची सुई

जळगावच्या एका दवाखान्यात, गुप्तरोगाच्या ओपीडीत, मी फॉर्म भरायला बसायचे. समाजकार्याच्या शिक्षणात तेवढं काम करावं लागतं. घरी मी नुसतं ‘दवाखाना’ सांगितलं होतं.

एका मंगळवारी समोर बसलेला रुग्ण बोदवडकडचा आचारी होता, लग्नांत भरीत-पुरी करणारा. वांगी भाजून त्याची बोटं काळवंडली होती. “जोडीदार पुरुष आहे का?” मी मान खाली घालून विचारलं.

“हाये. लिहा ना, ताई. एकच हाये, सात वर्सांपासून.”

हेपॅटायटिस ए ही कावीळ पुरुषांमधल्या संबंधातूनही पसरू शकते, म्हणून अशा पुरुषांना तिथे तिची लस देत, पण आधी रक्त तपासून. त्याचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, “ही कावीळ तुम्हाला लहानपणीच नकळत होऊन गेलीय. पुन्हा होणार नाही. लस नको.”

तो उठेना. “मंग माह्यावाली सुई त्याले द्या. तो रेल्वे क्वार्टरात वाढला, नळाच्या चांगल्या पाण्यावर, त्याले लहानपणी झाली नसंल. शेजारी कावीळ झाली तं मले आठ दिवस झोप नव्हती.”

“भाऊ,” मी म्हणाले, “त्यांना स्वतः यावं लागेल. त्यांचंही रक्त तपासतील.”

“तो लय लाजतो, ताई.”

पुढच्या मंगळवारी दोघं आले. दुसऱ्याने रुमालाने तोंड झाकलं होतं. लस लागेल की नाही, ते अजून ठरायचं होतं. बाकावर बसून आचारी स्वतःची बाही वर सारून, रक्त कुठून काढतात ते त्याला दाखवत होता.