कूलरच्या स्टँडवरची मोटोक्रॉस

"अहो, साधी चप्पल घ्यायची तर माणूस दुकानात चार पावलं चालून पाहतो!" बाबा फोनवर ओरडत होते. पलीकडचा डीलर थंडपणे सांगत होता, "सर, ये रेस वाली गाड़ी है. ट्रायल नहीं होती. बुकिंग करो, पेटी में पैक आएगी."

गाडी मला घ्यायची होती. मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या ढिगाऱ्यांवरून उड्या मारायची. तिला ना नंबर प्लेट, ना हेडलाइट, रस्त्यावर आणली तर पोलीस धरतात. मी छत्तीस वर्षांची बाई, आठवडाभर नेपियर टाउनमधल्या बँकेत लोकांची केवायसी करते आणि पूर्वी रविवारी मझौलीकडच्या एका मैदानावर धूळ खायचे. पैसे माझे, हाडं माझी. मग फोन बाबांच्या हातात काहून? तर ते मैदान चालवणाऱ्या रिटायर फौजीने यंदा एक नवीन फॉर्म काढला होता. "दीदी, लेडीज़ का घर से साइन लगेगा." मी म्हटलं, भैया, दिवसभर मी लोकांच्या सह्या तपासते आणि तुम्ही मला घरून सही आणायला सांगून राहिले? तो म्हणाला, "पिछली बार आप गिरी थीं ना." मी फॉर्म घेऊन घरी आले.

दोन वर्षांपूर्वी मी पडले होते. खांद्याचं हाड मोडलं. ती गाडी सेकंडहँड होती आणि ती बाबांनी पास केली होती.

पास करणं म्हणजे काय ते सांगायला हवं. बाबा चौतीस वर्षं इथल्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. समोर आलेल्या पार्टला मापाचं गेज लावायचं, बसला तर खडूने टिक, नाही बसला तर परत. केसभर फरक असलेला पार्टही कधीकधी चालवून घेतात, त्याला डेव्हिएशन म्हणतात. पण तिथे इन्स्पेक्टरला लिहून द्यावं लागतं की पुढे काही झालं तर जबाबदार मी. बाबांनी नोकरीत एकही डेव्हिएशन दिलं नाही, हे आमच्या घरात पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवलं जातं. माझ्या जुन्या गाडीचा एकेक नट त्यांनी ठोकून पाहिला होता आणि टाकीवर खडूने टिक केली होती. तिसऱ्या रविवारी मी त्याच गाडीवरून आपटले.

हॉस्पिटलमध्ये सगळे विचारत होते, दुखतं का. बाबांनी विचारलं, "कोणता पार्ट गेला?" मी म्हटलं, "हँडल वाकलं, बाबा." एवढंच सांगितलं मी. वाकडं झालेलं ते हँडल त्यांनी घरी आणून माळ्यावर ठेवलं, आणि त्यानंतर त्यांनी घरातला साधा कुकरसुद्धा तपासला नाही. शिट्टी बिघडली की आई शेजारी जायची.

म्हणून आता सही मागितली तर म्हणाले, "न तपासलेल्या मालावर मी सही करत नाही."

"मग तपासा!"

"चालवून पाहू देत नाही ना तो तुझा डीलर!"

शेवटी कॅटलॉग आला. निवड दोन गाड्यांतून करायची होती. निळी उंच आणि जोरदार, लाल जरा बुटकी. माझी उंची पाच फूट एक इंच. निळीवर पाय टेकतील की लोंबकळतील हे बसल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि बसायला गाडीच नव्हती.

बँकेतून एका संध्याकाळी विजय नगरच्या घरी आले तर हॉलमध्ये सोफा नव्हता. मधोमध कूलरचा लोखंडी स्टँड उभा, खाली विटा, वर सोफ्याची गादी सुतळीने आवळलेली. पुढे माळ्यावरचं तेच हँडल, ठोकून सरळ केलेलं. बाबा टेप घेऊन जमिनीवर पालथे पडले होते. "निळी. सीटची उंची नऊशे पंचावन्न मिलिमीटर," ते म्हणाले. "बस."

"बाबा, हा कूलरचा स्टँड आहे."

"आज निळी आहे. बस म्हटलं ना."

बसले. बाबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: डावा पाय, चवडा टेकला, उजवा, हवेत. दुसऱ्या दिवशी दोन विटा काढून लाल केली, दोन्ही चवडे टेकले. मग परत निळी. आठवडाभर आम्ही जेवायचो जमिनीवर आणि सोफ्याची गादी रेस करून राहिली होती. आईच्या भिशीच्या बायका आल्या त्याही एकेक करून बसून गेल्या. एका काकूंना निळी इतकी आवडली की उतरेचनात. म्हणाल्या, "यावरून टीव्ही काय छान दिसतो गं!" बाबांनी त्यांचीही नोंद केली.

मग बाबांना शंका आली की खरी गाडी थरथरते, ही तर मुकाट उभी आहे. आमचं कपड्यांचं मशीन जुनं, कपडे पिळायला लागलं की बाथरूमपासून दारापर्यंत चालत जातं. बाबांनी ते हॉलमध्ये आणलं, स्टँडला दोरीने बांधलं. आई म्हणाली, "घराचा पार उकिरडा करून टाकला बाप-लेकीनं!" पण चादरी तिनेच आणून टाकल्या. म्हणे, मशीन फुकट काहून फिरवायचं.

तो रविवार होता. सोमवारी फॉर्म द्यायचा होता, नाहीतर हे वर्ष गेलं. मी हेल्मेट घालून बसले. माझ्याच घरात, हॉलमध्ये, हेल्मेट. बाबांनी बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, मग उड्या मारायला लागलं, त्याच्यामागे स्टँड, स्टँडवर मी. बाबा हातात घड्याळ धरून ओरडत होते, "गुडघे आवळ! पुढे बघ!" आणि खरं सांगते, मला मजा येत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई ओरडली, "अगं हळू गं बाई!"

मी वळून पाहिलं, डावा हात सोडला आणि तिला हलवून दाखवला, की ठीक आहे, काळजी करू नको. विटा सरकल्या, मशीन कलंडून झाकण उघडलं. मी, गादी, हँडल आणि आईच्या ओल्या चादरी, सगळे एकदम खाली.

बाबांनी मशीन बंद केलं. मला उठवायला आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "हात काहून सोडला?"

काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण ते हँडल माझ्या पोटावर पडलं होतं, बाबांनी ठोकून सरळ केलेलं. मी हेल्मेट काढलं. "तेव्हाही असाच सोडला होता, बाबा. मैदानावर. बघायला आलेली आई ओरडली, मी तिला हात दाखवला आणि गेले. मी पडल्यावर हँडल वाकलं. गाडी तुम्ही बरोबर पास केली होती."

"दोन वर्षं," बाबा म्हणाले. "दोन वर्षं मी विचार करून राहिलो, कोणता नट सुटला माझ्या हातून."

मला लाज वाटत होती, इतकी की तोंड लपवावंसं वाटत होतं. एवढ्या लोकांसमोर आईला टाटा करताना पडले, हे सांगायची तेव्हा शरम वाटली होती, आणि त्या शरमेपायी मी त्यांना दोन वर्षं कुकरलासुद्धा हात लावू दिला नव्हता. मी रडले. चादरीत तोंड खुपसून, भोकाड पसरून रडले.

आई दारातच उभी. "म्हणजे मी पाडलं होय हिला?"

"नाही गं, आई!"

"नाही कसं? मीच ओरडले ना?"

बाबांनी हात वर करून दोघींना गप्प केलं. मग फॉर्म मागितला. तिथेच जमिनीवर बसले, चष्मा पुसला, पेनाची टोपी उघडून फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मला वाटलं, नापास. खोटा रिपोर्ट देणाऱ्याचा माल त्यांनी आयुष्यात पुन्हा घेतला नव्हता.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. फौजीने संमतीसाठी सोडलेल्या दोन ओळींत मावेना म्हणून ते समासात चढून लिहीत गेले होते: "गाडी लाल. चालवून पाहता आली नाही. चालवणारी आईला बघून हात सोडते. दोष माहीत असूनही डेव्हिएशनवर पास. पुढे काही झाल्यास जबाबदार मी."

खाली पूर्ण सही होती, आणि सहीखाली फॅक्टरीतला त्यांचा जुना टोकन नंबर.