टोकियो पुण्याच्या अलीकडं

जळगाव जामोदच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. दिवसात दोन फॉर्म भरून होतात आणि चार किस्से साठतात. फॉर्म सबमिट होऊन जातात, किस्से बाकावरच राहतात. शेजारचे टेलर सलीमचाचा त्यात रोज भर घालतात. यंदाचे किस्से मात्र एकाच प्रवासाचे.

*

सोनाळ्याच्या कमलकाकूंची पल्लवी टोकियोत नोकरी करते. तिचं पहिलं बाळंतपण. "मला येणं जमत नाही आई, तूच ये," म्हणाली. काकू अकोल्यापलीकडे एकट्या कधी गेलेल्या नाहीत.

"किती दूर हाय बाबू थे?"

"मुंबईहून सहा हजार सातशे किलोमीटर."

काकूंनी पासपोर्ट परत पिशवीत टाकला.

"काऊन भेवाडून राह्यला बे त्यायले?" चाचा म्हणाले. "टाइम सांग."

"साडेआठ तास."

"पुण्याले तं एसटीनं बारा लागते." काकूंनी पासपोर्ट पुन्हा बाहेर काढला. "म्हंजे टोकियो पुण्याच्या अलीकडंच हाय."

मी नकाशा उघडत होतो. चाचांनी डोळ्यांनीच गप्प केलं.

*

दोन दिवसांनी नवी शंका. "साडेआठ म्हंजे एसटीचे, का खरे?"

"खरे. थेट विमान आहे."

"मंग जेवाले कुठी थांबते?"

माझा पेशन्स संपला. जग एवढं जवळ आलं आणि आम्ही अजून ढाबा शोधतोय! "काकू, खाली समुद्र आहे!"

काकूंनी विचार केला. "म्हंजे डबा घ्या लागते."

*

तिकिटं शोधताना स्क्रीनवर परतीचे दहा तास दिसले तेव्हा तर त्यांना माझाच संशय आला. रस्ता तोच, मग दीड तास जास्त कसा? मी वरच्या वाऱ्यांवर भाषण दिलं. जाताना वारा ढकलतो, येताना अडवतो.

"वारा नसन तो," काकू म्हणाल्या. "पोरीच्या घरून निघाले वेळच लागते."

*

तरी एवढा वेळ बसवेल का, ही धास्ती होतीच. चाचा म्हणाले, "इथंच बसून पाहा."

सकाळी नऊला काकू माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, पिशवी मांडीवर. चाचांनी गळ्यातला टेप काढून दिला, तो त्यांनी पट्ट्यासारखा कमरेला बांधला. त्या दिवशी चाचांनी एकही माप घेतलं नाही.

तीनला सोनाळ्याची गाडी लागली. "जा काकू, पुरे झालं," मी म्हणालो.

"विमानातून मधातच उतरता येते काय?"

साडेपाचला त्यांनी टेप सोडला. "जमते. काढ तिकीट."

*

पुढचं पल्लवीनं फोनवर सांगितलं. विमानात बसल्या बसल्या काकूंनी हवाईसुंदरीला बजावलं, "टोकियो आलं का आवाज देजो माय." आपण कंडक्टरला सांगतो तसंच. त्या मुलीला 'टोकियो' तेवढं कळलं, तिनं मान हलवली. आपला स्टॉप चुकू नये म्हणून काकूंनी डोळा लागू दिला नाही. विमान उतरलं, अख्खं रिकामं झालं, तरी काकू पट्टा बांधून बसलेल्या. शेवटी ती मुलगी आली, वाकली आणि म्हणाली, "टोकियो."

काकू उठल्या.

*

तीन महिन्यांनी काकू सेंटरवर आल्या. आधी नातीचा फोटो दाखवला, अंगात चाचांनी शिवलेलं झबलं.

"येताना लागले ना दहा तास?" मी विचारलं.

"लागले."

"वाराच होता ना?"

काकूंनी नातीचा फोटो पुन्हा एकदा पाहिला. प्लास्टिकची खुर्ची ओढून बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि हात पुढे केला.

"सलीमभाऊ, टेप द्या."