टॅप डान्स आणि वॉशिंग मशीन

गेल्या हिवाळ्यात मी एका अमेरिकन माणसावर भयंकर जळत होतो. तो मरून बरीच वर्षं झाली होती, पण त्याने मला काही फरक पडत नव्हता.

सुरुवात झाली इथे जपानमध्ये, जुने सिनेमे लावणाऱ्या एका छोट्या थिएटरात. माझ्या बायकोने, मृदुलाने, एका जुन्यापुराण्या हॉलिवूड म्युझिकलची तीन तिकिटं काढली. मला वाटलं, चार म्हातारे असतील आणि आपल्याला निवांत झोप लागेल. तर थिएटर तरुण पोरापोरींनी खच्चून भरलेलं! पडद्यावर शेपटीचा कोट घातलेला एक काटकुळा माणूस टकटक टकटक करत जिना उतरला, टेबलावर चढला, खुर्चीवरून पलीकडे गेला, आणि हे सगळं एका दमात!

"हे कम्प्युटरवर केलेलं सीजी आहे ना?" आमची दहा वर्षांची ईरा जपानीत कुजबुजली.

"नाही गं, खराखुरा नाचतोय!" मृदुला म्हणाली. "आताच्या सिनेमांत पाय एकीकडे, तोंड दुसरीकडे, मध्ये शंभर तुकडे. इथे अख्खा माणूस दिसतो. आणि घामाचा थेंब नाही!"

मी तिच्याकडे बघितलं आणि माझी झोपच उडाली. असं डोळे भरून तिने माझ्याकडे कधी बघितलं होतं? (अंतरपाट दूर झाला तेव्हा असेल. पण तेव्हाही ती बहुधा फोटोग्राफरकडे बघत होती.)

तो सिनेमा तिने आणखी तीनदा पाहिला. शेवटी मी विचारलंच, "एवढं काय आहे त्याच्यात?"

"तो नाचायला लागला ना, की वाटतं जगात कुठेच मीटिंग नाहीये."

मी दिवसाला सात मीटिंगा करणारा माणूस! मला ते फार लागलं. तिने एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे तसं बघावं, एवढंच मला हवं होतं.

मंगळवारी आणि गुरुवारी मी घरून काम करतो. तेव्हा मृदुला तिच्या अरुबाइतोला, म्हणजे बेन्तोच्या, तयार जेवणाच्या डब्यांच्या दुकानातल्या अर्धवेळ कामाला जाते, आणि ईरा शाळेत. मी ऑफिसच्या जुन्या बुटांच्या तळाला टकटक वाजायला पत्र्याची झाकणं चिकटवली, टॅप डान्स शिकवणारा व्हिडिओ लावला आणि स्वयंपाकघरात सराव सुरू केला. (घरात बूट! जपानमध्ये याहून मोठं पाप नाही.) तीन आठवड्यांत मी शेगडीपासून फ्रिजपर्यंत न पडता पोचू लागलो.

चौथ्या आठवड्यात आमच्या पत्रपेटीत खालच्या मजल्यावरच्या मोरिता-सानची चिठ्ठी आली. ईराने ती मराठीत वाचून दाखवली : "क्षमा असावी. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीन वाजता आपल्या वॉशिंग मशीनची तब्येत बरी नसते असं वाटतं."

माझा नाच! वॉशिंग मशीन!

"तीन वाजता?" मृदुला म्हणाली. "तेव्हा तर तूच घरी असतोस. तू कपडे लावतोस मशीनला?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण बाहेर पडलं भलतंच. "लावतो ना. तुला तेवढाच आराम."

आणि मृदुलाने माझ्याकडे बघितलं. अगदी तसंच! डोळे भरून!

आता माघार कशी घेणार? दर मंगळवारी आणि गुरुवारी मी कपाटातले धुतलेले टॉवेल काढून पुन्हा धुवायला लागलो. नाचही सोडला नाही, कारण आता आवाजाला आयता आडोसा मिळाला होता. मग दुसरी चिठ्ठी आली, पहिलीपेक्षाही नम्र. (इथे नम्रता वाढली की समजावं, आपलं काही खरं नाही.)

"बिचारा घरात मदत करतो आणि मशीन साथ देत नाही!" मृदुला हळहळली आणि तिने तडक दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

शनिवारी तो आला. बूट काढले, हातमोजे चढवले, मशीन टॉवेलांनी भरून सुरू केलं आणि झाकणावर पाण्याचा ग्लास ठेवला. ग्लासातलं पाणी हललंसुद्धा नाही! तो विचारात पडला. मग त्याला स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीवरचे ओरखडे दिसले. गुडघ्यांवर बसून, बोट फिरवत तो शेगडीपासून फ्रिजपर्यंत सरकत गेला.

"बाबाच्या बुटांचे असतील," ईरा जपानीत म्हणाली आणि धावत जाऊन बूट घेऊन आली. तिला सगळं माहीत होतं!

दुरुस्तीवाल्याने बूट उलटे करून झाकणं पाहिली. "माफ करा," तो वाकून म्हणाला, "एकदा चालवून दाखवाल का? आवाज तपासायचा आहे."

मी बूट घातले आणि नाचलो. शेगडीपासून फ्रिजपर्यंत आणि परत. जन्मात एवढा घाम आला नव्हता. मृदुला हसता हसता जमिनीवरच बसली.

"हे... माझ्यासाठी?"

"हो."

"आणि कपडे?"

"तेही तुझ्यासाठीच."

"अरे, टॉवेल विरले की सगळे!" तिने डोळे पुसले. "नाच सोड बाबा. कपडे मात्र धूत जा. ते तुला शोभतं."

तेवढ्यात दुरुस्तीवाल्याने गंभीर चेहऱ्याने फॉर्म भरून पुढे केला. मला त्यातलं काहीच वाचता येईना. ईराने मोठ्याने वाचलं : "मशीन उत्तम स्थितीत. बिघाड पतीमध्ये. त्यांची दुरुस्ती आमची कंपनी करत नाही."

मी मुकाट्याने सही केली.