डाव्या पायरीचा दांडा

हिरामावशीला लोखंड दिसलं की ती त्यावर अंगठ्याचं नख ओढायची आणि मग तो अंगठा नाकाशी न्यायची. आमची पहिली भेट झाली तीच मुळी अशी. बोईसरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती सुके बोंबील घेऊन दारावर आली होती. मी जाळीचं दार उघडेपर्यंत तिने त्यावर नख ओढून, वास घेऊन निकालही दिला होता.

"रंग वरवरचा हाय, सायब. आतून गेलंय."

आता, गंज तपासणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. तारापूरच्या एका कारखान्यात टाक्या, पाइप आणि शेडचं लोखंड किती खाल्लं गेलंय ते मोजायचं आणि रिपोर्ट लिहायचे, यात माझी तीस वर्षं गेली. हे दार तर मी गेल्या दिवाळीत स्वतःच्या हाताने रंगवलेलं. मी जरा आवाज चढवून म्हटलं, "मावशी, मी यातला तज्ज्ञ आहे."

"आसं? मंग दार कोनी रंगवलं?"

आतून शैलाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, हसू ऐकू आलं. पंधरा दिवसांनी बिजागरीजवळचा रंग पापडासारखा सुटला आणि खालून लोखंडाचा भुगा पडला. त्या दिवशी मी मावशीकडून गरज नसताना दुप्पट बोंबील घेतले.

निवृत्तीनंतर मी मॉडेल इंजिनांच्या नादाला लागलो होतो. वीतभर लांबीची ही इंजिनं दुकानातून येतात तेव्हा अगदी चकचकीत असतात. त्यांच्यावर ऊन, तेल, धूर, गंज चढवायचा आणि ती वर्षानुवर्षं राबल्यासारखी दाखवायची, ही त्यातली खरी कला. "आयुष्यभर लोकांचा गंज काढला, आता विकत आणून लावतोय," असं शैला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. माझं पहिलं इंजिन चॉकलेटात बुडवल्यासारखं झालं. दुसऱ्यासाठी अस्सल गंज हवा म्हणून मी गच्चीवरचा जुना पाइप खरवडला, भुकटी वस्त्रगाळ केली, डबीत भरली, आणि आठवड्याने तीच काश्मिरी मिरची समजून स्वतःच्या आमलेटवर भुरभुरवली. चवीत फारसा फरक पडला नाही, हे मी शैलाला अजून सांगितलेलं नाही.

तिसरं इंजिन टेबलावर होतं तेव्हा मावशी पाणी प्यायला आत आली. शंटिंगचं, म्हणजे मालडबे ओढायचं-ढकलायचं, पिवळं, ठेंगणं डिझेल इंजिन. तिने तांब्या तसाच हातात धरला.

"हे तर आमचं इंजिन."

मग ती जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं. तिचा नवरा, तिच्या तोंडी कायम 'मालक', आमच्याच कारखान्याच्या साइडिंगवर, म्हणजे मालगाडीसाठी टाकलेल्या रुळांवर, असल्या इंजिनावर खलाशी होता. इंजिन चाललं की डाव्या पायरीवर उभा राहायचा, एका हाताने दांडा धरायचा आणि दुसऱ्या हाताने झेंडी दाखवायचा. चाळिशीतच काविळीने गेला. पुढे माल ट्रकने जायला लागला, साइडिंग बंद पडली आणि इंजिन भिंतीबाहेरच्या तुकडाभर रुळावर उभं राहिलं. त्याच्या सावलीत मावशीने चौदा वर्षं टोपली मांडली. पाळी सुटली की सालवडला परतणारे कामगार तिथून जायचे.

"एक दिस गॅसकटरवाले आले. दोन दिसात कापून नेलं. सावली गेली तवापासून हे जिने चढते." ती मॉडेलकडे बघत राहिली. "मालकाचा फोटो हाय, लग्नातला. इंजिनासंगट एक पन नाय. तू हे तसं कर ना. होतं तसं. माजे पाय चालतात तोवर एकदा बगते."

पाय आताच चालत नव्हते. घोट्यापर्यंत सुजलेले असायचे, आणि तिच्या गावाहून, चिंचणीहून, इथवर आल्यावर आमचे तीन मजले चढताना ती प्रत्येक मजल्यावर टेकायची.

मी म्हटलं, "करतो." जे म्हटलं नाही ते इथे सांगतो. ते इंजिन भंगारात काढावं, असा रिपोर्ट मीच लिहिला होता. खाली सही माझी होती.

त्यानंतर दर मंगळवारी हिरामावशी टोपली दाराशी ठेवून आत यायची आणि मला गंज शिकवायची. पहिल्या मंगळवारी मी इंजिनाच्या दोन्ही अंगांना सारखा गंज लावून ठेवला होता. तिने ते उलटसुलट केलं.

"दर्या कुठल्या अंगाला?"

"म्हणजे?"

"आरं, वारं कुठून येतं? खारं वारं ज्या अंगाला लागतं ते अंग आदी जातं. तुज्या इंजिनाला काय दोन दर्ये हायत?"

तीस वर्षं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर नोकरी केलेल्या तज्ज्ञाने मान खाली घातली आणि पूर्वेची बाजू पुसून काढली.

रंगाचे टवके उडालेले दाखवायला एक युक्ती असते. गंजाच्या रंगावर पाणी लावून मिठाचे खडे बसवायचे, वरून पिवळा मारायचा, आणि वाळल्यावर मीठ झाडून टाकायचं. माझं मीठ सगळीकडे सारखं पडायचं, इंजिनाला देवी आल्यासारखं दिसायचं. मावशीने पदर खोचला. "सरक बाजूला. जन्मभर मीठच लावलं मी." तिच्या चिमटीतून मीठ पायरीच्या कडेला दाट पडलं, दाराखाली विरळ, छपरावर नुसतं चुकार. ते झाडलं तेव्हा खालून जे निघालं ते मी लगेच ओळखलं. कारखान्याच्या भिंतीबाहेरचं ते इंजिन मीही हजारदा पाहिलं होतं, आणि ते असंच होतं.

"गंज लावायचा नसतो," ती म्हणायची. "तो कुठून आला ते आटवायचं."

प्रत्येक मंगळवारी सांगून टाकायचं असं मी ठरवायचो. मग ती विचारायची, "कुनी रे दिला असंल हुकूम, इंजिन कापायचा?" आणि मी म्हणायचो, "असेल कोणी साहेब." माझ्या आवाजात इतका निरागसपणा असायचा की शैला स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे बघून जायची.

शेवटी इंजिन पुरं झालं. त्या मंगळवारी मावशी चढून आली तेव्हा ओठ निळसर झाले होते. शैलाने तिला खुर्चीत बसवलं, चहा ठेवला. मी इंजिन तिच्या ओंजळीत दिलं. तिने नख ओढलं नाही. बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, "दांडा चुकलास."

डाव्या पायरीजवळचा दांडा, सुईएवढी तार. मी ती जीव ओतून गंजवली होती.

"हा चकचकीत होता."

"मावशी, बाकी सगळं इंजिन खाल्लं गेलं आणि दांडा तेवढा कसा राहील? उलट उघडं लोखंड आधी गंजतं. हे मात्र मला विचारा."

"बसताना मी तोच धरायची. उटताना तोच. टोपली डोक्यावर घ्यायच्या आदी एक हात तितं. हाताला मासळीचं तेल, केसांचं खोबरेल." तिने तळवा माझ्यापुढे धरला. "मालक धरायचा तो दांडा. चौदा वर्षं गंजू दिला नाय मी."

मी उठलो. माझ्या सगळ्या रिपोर्टांच्या नकला मी माळ्यावर ठेवलेल्या होत्या. कशासाठी ते देव जाणे. शिडी लावून ती फाइल काढली, पान सापडलं, आणि मी ते घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

"मावशी, तो हुकूम माझ्या कागदावर निघाला."

चहाचा कप तिने खाली ठेवला. "पिवळी टोपी घातलेला? फोटू काडायला आलेला?"

"हो."

"टोपली फोटूत येते म्हनून मला सरकवलंस."

"हो."

मग तिने विचारलं, "दांड्याचं काय लिवलंस?"

रिपोर्ट इंग्रजीत होता. मी मराठी करून वाचला. "संपूर्ण बाह्यांग गंजलेले. दुरुस्तीयोग्य नाही. अपवाद, डाव्या पायरीजवळचा दांडा. स्थिती उत्तम. कारण अज्ञात."

"कारन अज्ञात म्हंजे?"

"म्हणजे... का ते माहीत नाही."

"मंग विचारायचं की," हिरामावशी म्हणाली. "मी तितंच होते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता मला ब्रश दाखवला. मी तिच्यासमोर दांड्यावरचा गंज पुसला, तार पॉलिश केली. तिने केसांवरून बोट फिरवलं आणि ते त्या तारेवरून एकदा वरून खाली नेलं. इंजिन न्यायला सांगितलं तर नाही म्हणाली. "माज्या घरात खारं वारं लय. इतंच ऱ्हाऊदे." जिना उतरताना शैलाने तिचा हात धरला. माझा तिने धरला नाही.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या मंगळवारी मी चिंचणीला गेलो. तिच्या दाराशी लोक खाली बसले होते, आणि ते तिचे दिवस घालायला बसलेत हे कळायलाही मला थोडा वेळ लागला. सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमधून मी परत फिरलो.

या हिवाळ्यात पालघरला मॉडेलवाल्यांनी एका हॉलमध्ये छोटं प्रदर्शन भरवलं. मी ते इंजिन ठेवलं. जाण्याआधी खोबरेलाचं बोट दांड्यावरून फिरवलं, तसं ते मी रोजच फिरवतो. परीक्षक तरुण होते, अभ्यासू होते. भिंग लावून त्यांनी पश्चिमेची बाजू पाहिली, मिठाचे टवके पाहिले, एकमेकांना दाखवले. माझं इंजिन दुसरं आलं. शेऱ्याच्या कागदावर लिहिलं होतं : काम अत्यंत वास्तव. एक त्रुटी, डाव्या दांड्यावर गंज नाही, कारण कळत नाही.

ते लिहीत होते तेव्हा मी टेबलापलीकडे दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. कुणी विचारलं नाही.