दातांच्या खुर्चीवर लताबाई

देवळ्याजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी दातांची डॉक्टर म्हणून कंत्राटावर रुजू झाले, तेव्हा आपण फार मोठा त्याग करतोय असं मला वाटत होतं. नाशिकच्या गंगापूर रोडवरचं चकचकीत क्लिनिक सोडून आलेली ना मी! माझं हे खूळ लताबाईंनी आठवडाभरात उतरवलं.

लताबाई तिथल्या आया. गरोदर बाया आणि लहान मुलांसाठी दातांची खुर्ची मंजूर केली ती वरच्यांनी, पण ती सुरू झाली या बाईमुळे. खुर्ची आली तर ती चालवणारं हवेचं मशीन नाही, मशीन आलं तर डॉक्टर नाही. मग स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी एसटीने नाशिक गाठायचं, आरोग्य खात्याच्या साहेबांच्या दाराशी उभं राहायचं आणि "साहेब, खुर्ची धूळ खातीय" एवढंच म्हणायचं. सातव्या खेपेला साहेबांनी कंटाळून माझ्या ऑर्डरवर सही केली, असं त्या तोंडाला पदर लावून हसत सांगतात.

एवढं करून पेशंट येईनात. वरचा दात काढला की नजर जाते, हे बायांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी तक्ते दाखवले, समजावलं, खरं सांगायचं तर ओरडलेसुद्धा. उपयोग शून्य. शेवटी पत्र आलं: महिनाअखेरीपर्यंत पेशंट वाढले नाहीत तर खुर्ची दुसरीकडे हलवू. लताबाईंना दोन दिवस जेवण गेलं नाही.

लसीकरणाच्या दिवशी बाहेर बाया बाळं घेऊन बसल्या होत्या. लताबाईंनी आमच्या खोलीचं दार सताड उघडलं. समोरच पाच महिन्यांची गरोदर पायल गाल धरून बसलेली.

"चल पोरी, मॅडमला दाखव."

पायल फणकारली, "मावशी, तुमची दाढ कवाची किडलीय. तुम्ही का नाय काढत?"

लताबाई तडक खुर्चीवर जाऊन बसल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खरं हाय. तुम्हाला मशेरी लावू नका म्हणते नि चोरून मीच लावते. मॅडम, काढा."

वरचीच दाढ होती. बीपी बघितलं, भूल दिली, काढली. कापसाचा बोळा दाताखाली दाबून त्या उठल्या, दाराशी गेल्या, पिशवीतून सुई-दोरा काढला आणि सगळ्यांदेखत एका दमात ओवला. बाया माना लांब करून बघत होत्या. पायल उठली, बाहेर चपला काढल्या आणि खुर्चीवर येऊन बसली.

त्या दिवशी अकरा जणींचे दात तपासले. पुढच्या वेळी त्या आपापल्या पोरांनाही घेऊन आल्या. खुर्ची हलवायचं पत्र मागे घेतलं गेलं, त्या दिवशी मी लताबाईंना म्हणाले, "सुईची युक्ती काय भारी काढलीत हो!"

"युक्ती कसली, मॅडम," त्या म्हणाल्या. "नजर जाईल म्हणून मीबी लय भ्यायले होते. दिसतंय का नाय, ते मीच बघत होते."